अठरा उन्हाळे काढलेली बाटली कशी उघडावी, कशी चाखावी

प्रश्न थोडक्यात असा: "आमच्या नानांनी २००४ साली निफाड तालुक्यातल्या दोन एकरांत कॅबर्ने सोव्हिन्यॉन ही लाल वाईनची द्राक्षं लावली होती. २००७ च्या हंगामाचा माल एका वायनरीला गेला आणि त्या वाईनच्या दोन बाटल्या नंतर भेट म्हणून घरी आल्या. २०१० मध्ये बाग तोडली. बाटल्या मात्र जुन्या घराच्या बळदात, म्हणजे धान्य साठवायच्या अंधाऱ्या कोठीत, गोणपाटात गुंडाळून आडव्या राहिल्या. येत्या जानेवारीत नानांना ७५ पूर्ण होतात. त्या दिवशी एक उघडायची आहे. इतकी जुनी वाईन चांगली असेल का? कशी उघडायची? आणि चाखताना नेमकं काय बघायचं?"

बाटल्या बळदात होत्या आणि आडव्या होत्या, हे वाचून बरं वाटलं. माळ्यावर किंवा दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये असत्या तर मी दोन ओळींत उत्तर संपवलं असतं.

मी दिंडोरीकडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत लागले तेव्हा नाशिकला वाईन नवीन होती. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ मध्ये आलं, आणि त्यानंतर तुमच्या नानांसारख्या कित्येकांनी थॉमसन या खायच्या द्राक्षांच्या शेजारी वाईनची द्राक्षं लावून बघितली. पुढे २००८-०९ ची मंदी आली, माल उचलला जाईना, आणि त्यांतल्या बऱ्याच बागांवर कुऱ्हाड चालली. म्हणून तुमच्याकडच्या दोन बाटल्यांकडे मी निव्वळ जुनी वाईन म्हणून बघू शकत नाही. जी बाग आज जमिनीवर नाही तिचा तो माल आहे. त्यामुळे उत्तर जरा सविस्तर देते.

जुनी बाटली दाखवणारा माणूस पहिल्यांदा वर्ष सांगतो. मी उन्हाळे विचारते. बाटली बंद झाली म्हणजे वाईन थांबली असं होत नाही. द्राक्षाच्या सालीतली रंगद्रव्यं आणि साल-बियांतून आलेलं टॅनिन, म्हणजे तो तोंड आवळणारा तुरटपणा, एकमेकांना धरत जातात. त्यांचे रेणू मोठे होतात, जड होतात आणि शेवटी गाळ होऊन तळाशी बसतात. बुचातून अगदी नखभर हवा आत जाते, तीही आपलं काम करते. १२ ते १४ अंशांवर हे सगळं इतकं सावकाश चालतं की एकेका बदलाला वर्षं लागतात. तापमान १० अंशांनी चढलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा शाळेत शिकलेला ढोबळ नियम इथेही लागू पडतो. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा ४० ला टेकतो, आणि सिमेंटच्या छताखालचा माळा रात्रीसुद्धा निवत नाही. तिथे वाईन नुसती लवकर म्हातारी होत नाही, ती शिजते. शिजलेली वाईन आणि मुरलेली वाईन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मी स्वतःच्या घरी नुकसान सोसून शिकले. शिराझ या लाल वाईनच्या सहा बाटल्या मी इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये पलंगाखालच्या खणात ठेवल्या होत्या. अंधार होता, बाटल्या आडव्या होत्या, मला वाटलं पुरेसं आहे. ती भारनियमनाची वर्षं होती; दुपारी तासन् तास पंखेसुद्धा बंद असायचे. दोन उन्हाळ्यांनंतर पहिली उघडली तेव्हा ग्लासातून काकवीचा वास आला. त्याच दिवशी त्याच खेपेतली, पण तळघरात राहिलेली बाटली शेजारी उघडून बघितली. तिच्यात अजून जांभूळ होतं, मिरीचा झणका होता. द्राक्षं एक, पिंप एक, बाटलीत भरल्याचा दिवसही एक. उरलेल्या पाचही बाटल्या मी पुढच्या महिनाभरात एकेक करून उघडल्या, कुठलीच वाचली नव्हती. तेव्हापासून ठेवण्याची जागा न विचारता मी जुन्या वाईनबद्दल मत देत नाही.

मातीच्या जाड भिंतींच्या आत बळदात दिवस-रात्रीचा फरक फारसा पोचत नाही, उजेड नसतो, हादरे नसतात. युरोपातल्या तळघराइतकी गार जागा ती नव्हे, पण नाशिक जिल्ह्यातल्या साध्या घरात याहून चांगली जागा मला सुचत नाही.

आता तुमच्या मुख्य शंकेकडे येते. इथली कॅबर्ने १८ वर्षं टिकेल का?

खरं सांगायचं तर त्या काळातल्या आपल्याकडच्या बहुतेक लाल वाईन तीन ते पाच वर्षांत पिण्यासाठी बनवलेल्या होत्या. त्याचं एक कारण आपल्या बागेच्या कॅलेंडरमध्ये आहे, आणि नानांना ते माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळाभर काडी पोसायची, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळासाठीची गोडी छाटणी, आणि जानेवारीअखेर ते मार्चमध्ये खुडा. फ्रान्समध्ये खुडा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होतो, म्हणजे तिथे घड पिकत असताना हवा दिवसेंदिवस गार होत जाते. आपल्याकडे उलटं आहे. घड थंडीत भरतात आणि शेवटच्या टप्प्यात ऊन चढत जातं. निफाडची थंडी रात्री आम्लता राखते खरी, पण फेब्रुवारीच्या दुपारी ती भराभर उतरते, साखर मात्र चढतच असते. वाईन टिकते ती आम्लता आणि टॅनिन यांच्या जिवावर. आम्लता कमी पडली की वायनरीत टार्टारिक आम्ल घालून ती सावरतात. ही जगभरच्या उष्ण भागांत चालणारी रीतसर पद्धत आहे. तरी वेलीवर टिकून राहिलेल्या आम्लतेची बरोबरी तिला येते असं मला वाटत नाही.

एवढं असूनही मी "टिकली नसेल" असं लिहून मोकळी होणार नाही. वाईनच्या आयुष्याचे अंदाज मोठमोठ्यांचे चुकलेत. १९७६ मध्ये पॅरिसला स्टीव्हन स्पुरिअर या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्यांनी कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाईन झाकून चाखायला ठेवल्या आणि कॅलिफोर्निया जिंकली, तेव्हा पुष्कळ जाणकार म्हणाले होते की या वाईन तरुणपणी छान लागतात, मुरणार नाहीत. ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाईन लंडन आणि नापा अशा दोन ठिकाणी पुन्हा चाखल्या गेल्या. पहिली आली ती कॅलिफोर्नियाची १९७१ ची रिज मॉन्टे बेलो. त्या वाईनशी नाशिकची तुलना मी करत नाही. सांगायचं एवढंच की कागदावरचा अंदाज बाजूला ठेवा आणि बाटली उघडा.

दोन्ही बाटल्या आधी उजेडाकडे धरून बघा. वाईनची पातळी मानेच्या तळापर्यंत किंवा खांद्याच्या वरच्या कडेला असेल तर उत्तम. खांद्याच्या मध्याखाली उतरली असेल तर बुचानं दगा दिलाय, हवा आत गेलीय. बूच कागदी-धातूच्या टोपीला आतून वर ढकलत असेल, किंवा मानेवर चिकट ओघळ सुकलेले दिसत असतील, तर कधीतरी वाईन तापून फुगली होती असं समजा. जिची पातळी वर आहे ती नानांच्या वाढदिवसाला, आणि दुसरी वाढदिवसाच्या आठवडाभर आधी तुम्ही एकट्यानं उघडा, असा माझा आग्रह आहे. सगळ्या गोतावळ्यासमोर पहिल्यांदाच जुनं बूच काढायला घेऊ नका. तालीम झालेली असली की हात थरथरत नाही.

उघडण्याच्या दोन दिवस आधी बाटली सावकाश उभी करा. गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो. मोटारसायकलच्या डिकीतून निफाडहून नाशिकला आणून त्याच संध्याकाळी उघडली तर तो सगळा गाळ ग्लासात येईल. गाळ बाधत नाही, पण कडू आणि कचकचीत लागतो, आणि वाईनचा सगळा नाजूकपणा झाकून टाकतो.

तापमान १६ ते १८ अंश हवं. जुन्या पुस्तकांतला 'खोलीचं तापमान' हा शब्द आपल्या खोल्यांसाठी नाही. तुमचा कार्यक्रम जानेवारीत आहे, ही मोठी सोय आहे. निफाडच्या थंडीत बाटली रात्रभर घरात उभी राहिली तरी काम होईल. संध्याकाळी माणसांनी भरलेल्या खोलीत ती २४-२५ अंशांवर गेली असेल तर २० मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा, त्याहून जास्त नको.

वरची टोपी ओठाच्या खाली गोल कापून काढा. बुचाच्या डोक्यावर काळपट बुरशी दिसली तर घाबरू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. स्क्रू बरोबर मध्ये घाला आणि जवळजवळ तळापर्यंत जाऊ द्या, आरपार नको. १८ वर्षांच्या बुचाचा खालचा अर्धा भाग ओला आणि भुसभुशीत असतो, म्हणून झटका न देता एकेक केस वर घ्या. दोन पात्यांचा चिमटा मिळाला तर फारच छान. तो बुचाला भोक न पाडता दोन्ही बाजूंनी धरतो, मग फिरवत फिरवत ओढायचं. बूच तुटलंच तर स्क्रू तिरका घालून उरलेला तुकडा काढा. तोही आत पडला तर पडू दे, वाईन गाळून घेता येते. फक्त घरातली चहाची गाळणी वापरू नका, तिला चहाचा वास कायमचा लागलेला असतो. साबण न लावता नुसत्या पाण्यात तीनदा धुतलेलं मलमलचं फडकं चांगलं.

आता डिकँटरचा, म्हणजे बाटलीतली वाईन ओतून घ्यायच्या काचेच्या भांड्याचा, प्रश्न. इथे बहुतेकांची चूक होते, कारण तरुण वाईनचा नियम म्हाताऱ्या वाईनला लावला जातो. तरुण, तुरट कॅबर्ने तासभर हवेत ठेवली की मऊ होते. जुन्या वाईनचा सुगंध मात्र विरळ असतो, आणि हवेत तो उडून जातो. फ्रान्सचे वाईनतज्ज्ञ एमिल पेनो यांचा सल्ला होता की गाळ असेल तरच वाईन दुसऱ्या भांड्यात ओता, आणि तेही वाढण्याच्या अगदी आधी. मी तेच करते. मानेखाली मोबाइलचा दिवा ठेवायचा, एकाच संथ धारेनं ओतायचं, आणि मानेत धुरासारखी रेघ सरकताना दिसली की थांबायचं. तळाची दोन बोटं वाईन बाटलीतच राहू द्या. ओतताना हात वर-खाली केला की गाळ उसळतो, म्हणून बाटली एकदा आडवी झाली की पुन्हा उभी करायची नाही.

ग्लास पोटाशी रुंद, तोंडाशी निमुळता असला म्हणजे झालं. फार महागाचा लागत नाही. धुतल्यावर कपाटात उपडा ठेवलेला असेल तर त्याला लाकडाचा वास लागलेला असतो. आधी साध्या पाण्यानं विसळा आणि हुंगून बघा. एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका.

पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा आणि मधला रंग सोडून काठ बघा. तरुण कॅबर्नेचा काठ जांभळट असतो. वयानं तो माणकासारखा, मग विटकरी, मग गुळाच्या पाकासारखा होत जातो. तुमच्या वाईनचा काठ विटकरी आणि मध्यभागी अजून लाल असेल तर ती जिवंत आहे असं धरून चाला. काठापासून मध्यापर्यंत सगळीच तपकिरी आणि निस्तेज असेल तर बहुधा उशीर झालाय. तरी वास घेतल्याशिवाय टाकू नका.

वास घेताना घाई नको, ही माझी सगळ्यांत कळकळीची सूचना. ग्लास गरगर फिरवू नका. पहिल्यांदा तसाच नाकाशी न्या. पहिला वास बऱ्याचदा चांगला नसतो: वर्षानुवर्षं बंद असलेल्या खोलीचं दार उघडल्यासारखा, कोंदट, कधी काडेपेटीच्या गुलासारखा. १८ वर्षं हवा न मिळालेल्या वाईनचा तो वास असतो आणि पाच-दहा मिनिटांत निवळतो. मी शिकवते तिथे याच क्षणी अर्धी मुलं "खराब आहे" म्हणून वहीत लिहून मोकळी होतात. दहा मिनिटांनी तोच ग्लास त्यांच्यापुढे सरकवला की खोडरबर शोधतात.

न निवळणारा कोंदटपणा वेगळा. त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा, पावसात ओलं होऊन कोपऱ्यात पडलेल्या वर्तमानपत्राचा वास येतो, आणि वेळ जाईल तसा तो वाढतो. तो बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या रसायनाचा दोष. लिटरमागे काही नॅनोग्रॅमसुद्धा वाईनमधलं फळ पुसायला पुरतात. त्यावर इलाज नाही आणि त्यात कोणाची चूकही नाही, ना बळदाची ना नानांच्या द्राक्षांची. व्हिनेगर किंवा नेलपॉलिशचा तिखट वास आला तर हवा आणि जिवाणूंनी काम केलंय. अगदी पुसट असेल तर जुन्या वाईनला तो खपून जातो, नाकात झोंबत असेल तर नाही. काकवी, मुरांबा, करपलेली साखर असं काही आलं आणि त्याखाली दुसरं काहीच सापडलं नाही, तर उन्हाळ्यांनी खाल्ली.

आणि सगळं नीट असेल तर? तर ताज्या फळाची अपेक्षा करू नका. जांभूळ, करवंद हे सगळं तरुणपणाचं. त्याच्या जागी सुकं अंजीर येतं, मनुका येतात, चामड्याच्या जुन्या पिशवीचा वास येतो, जर्द्याचा डबा उघडल्यासारखं होतं. पाऊस संपत आलेला असतो तेव्हा झाडाखालचा पालापाचोळा उचलला की खालून जो ओला, किंचित अळंब्यासारखा दरवळ येतो, तो मला चांगल्या मुरलेल्या कॅबर्नेत सापडतो आणि तेव्हा मी लिहिणं थांबवते. इथल्या कॅबर्नेला तरुणपणी अनेकदा ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास असायचा; घड पुरते पिकायच्या आत खुडले की तो राहतो. वयात त्या हिरवेपणाचा धार गेलेला, सुक्या पानासारखा पोत मला आवडतो. तुम्हाला तो आला तर नानांना विचारा, त्या वर्षी खुडा लवकर झाला होता का. मला वाटतं त्यांना तारीखसुद्धा आठवेल.

मग लहान घोट. चूळ भरल्यासारखा तोंडभर फिरवा, हिरड्यांना, जिभेच्या कडांना लागू द्या. जिभेच्या कडांशी पाणी सुटलं तर आम्लता शिल्लक आहे. हिरड्या आवळल्या पण खरखरल्या नाहीत, रेशमासारखं काही सरकून गेलं, तर टॅनिन मुरलंय. गिळल्यावर मनात आकडे मोजा. सात-आठ आकड्यांपर्यंत चव टिकली तर ही वाईन तिच्या वयाला साजेशी आहे. आंबट आणि पातळ लागली, मध्ये पोकळ वाटली, तर फळ संपलंय आणि फक्त सांगाडा उरलाय. तेही ओळखता आलं पाहिजे, आणि ते ओळखलं म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही.

एका घोटावर निकाल देऊ नका. उघडल्यावर लगेच, दहा मिनिटांनी, अर्ध्या तासानं, तासानं, असा चार वेळा वास घ्या आणि चार ओळी लिहून ठेवा. जुनी वाईन वीस-पंचवीस मिनिटं फुलत जाते आणि मग डोळ्यांदेखत मावळते. म्हणूनच भाषणं, केक, फोटो हे सगळं आधी उरकून घ्या. बूच काढलं की पुढचा तास त्या बाटलीचा.

जेवणाबद्दल: त्या संध्याकाळी काळा मसाला आणि ठेचा बाजूला ठेवा. तिखटानं टॅनिन कडवट होतं आणि अल्कोहोल जाळतं. एवढ्या नाजूक वाईनचं मग काहीच उरत नाही. अळणी मटण, त्यातलं मऊ सुटलेलं मांस आणि बाजरीची भाकरी, यापेक्षा चांगली जोडी मला माहीत नाही. शाकाहारी मंडळींना तुपात परतलेले मशरूम, फक्त मीठ-मिरी घालून. वाईन मिसळीनंतर कधीच नको. नानांची रक्तदाबाची वगैरे औषधं चालू असतील तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारून घ्या. चाखायला दोन घोट पुरतात.

तालमीची बाटली सपाट किंवा शिजलेली निघाली तर दुसरीही तशीच असेल असं मानू नका. एवढ्या वर्षांत प्रत्येक बूच आपापल्या परीनं वागतं, आणि एकाच पेटीतल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या वाईन होऊन बसतात. आणि तालमीची छान निघाली तर एक मोह होईल: ही चांगली आहे, मग दुसरी आणखी पाच वर्षं ठेवू, नानांच्या ऐंशीला उघडू. तसं करू नका. अठरा उन्हाळे तिनं काढलेत. एकोणिसावा यायच्या आत, थंडी आहे तोवर, ज्यांनी ती बाग लावली त्यांच्या हातात तो ग्लास द्या. लेबल आणि बूच मात्र जपून ठेवा, आणि लेबलच्या मागे त्या दोन एकरांचा गट नंबर नानांच्याच अक्षरात लिहून घ्या.